मेशला वायर जोडताना होणारे तेच ते घोळ

मेश वायफाय (घरभर ठेवलेल्या अनेक डब्यांचं मिळून एकच वायफाय) घेतलं, नोडपर्यंत, म्हणजे त्यातल्या एका डब्यापर्यंत, केबल ओढली, तरी वरच्या मजल्यावर रखडत चालतं. असा फोन आला की मी आधी विचारतो, "रीसेट केलंस का?" उत्तर ठरलेलं: "तीनदा केलं!" तेही अभिमानाने. अरे बाबा, रीसेटने सेटिंग पुसलं जातं, सुटलेली तार जागेवर बसत नाही. रीसेटची पिन ड्रॉवरमध्ये ठेवा आणि केबलकडे बघा.

आधी ९४ चा आकडा. स्पीड टेस्ट कितीही वेळा केली तरी ९४-९५ एमबीपीएसच्या पुढे सरकत नसेल, तर वायफायला शिव्या देऊ नका. १०० एमबीपीएसच्या लिंकवर (दोन यंत्रांमधल्या केबलच्या जोडणीवर) हातात एवढंच पडतं. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या लिंकवर ९४० च्या आसपास. आकडा ९४ वर अडला आणि प्लॅन १०० पेक्षा मोठा असेल तर वाटेत कुठली तरी लिंक १०० वर उतरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात (पिन १, २, ३ आणि ६). त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार कनेक्टरमध्ये नीट टेकली नाही, तरी बहुतेक वेळा दिवा लागतो, नेट चालतं आणि लिंक गुपचूप १०० वर येऊन बसते.

अशा वेळी मी टोक तपासत बसत नाही. दोन्ही टोकं कापतो आणि नव्याने क्रिम्प करतो, म्हणजे पकडीने नवे कनेक्टर दाबून बसवतो. तारांच्या रंगांचा क्रम टी५६८बी या मानकाचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. काही जण "दोन्हीकडे सारखं लावलं की झालं" म्हणत स्वतःच्या मनाचा क्रम लावतात. आठ दिव्यांच्या साध्या टेस्टरवर ते पासही होतं, कारण त्याला फक्त तार जोडली आहे की नाही एवढंच कळतं. पण एका सिग्नलच्या दोन तारा वेगवेगळ्या पिळात गेल्या की शेजारच्या जोडीच्या सिग्नलचा गोंगाट आत शिरतो आणि लिंक कधी चालते, कधी पडते. हा शॉर्टकट मारणाऱ्यांची घरं मी दोनदा-दोनदा पाहिली आहेत.

केबलच्या वाटेत जुना १०० एमबीपीएसचा स्विच (एका केबलच्या अनेक केबल करणारा डबा) असेल तर काढून टाका.

तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल घेऊ नका. स्वस्त पडते, पण वाकवली की तुटते. कॅट ५ई या प्रतीची असली तरी चालेल, पण शुद्ध तांब्याची हवी. घरात गिगाबिटला तेवढी पुरते.

आता माझी फजिती. एका संध्याकाळी घरातलं सगळं नेट मेलं. फोन, टीव्ही, प्रिंटर, सगळंच. राउटर बंद-चालू केला की मिनिटभर जिवंत, पुन्हा गार. नेट कंपनीला फोन केला, लाइन ठीक होती. दोन तास मी राउटरच्या सेटिंगच्या पानात बोटं घालत होतो. शेवटी टेबलाखाली वाकलो, तर स्विचचे सगळे दिवे एका तालात फडफडत होते. त्या दुपारी आवराआवर करताना एक केबल लोंबकळताना दिसली, म्हणून मीच तिचं टोक रिकाम्या पोर्टमध्ये खोचलं होतं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं!

याला लूप म्हणतात. इथरनेटच्या (केबलवरच्या नेटवर्कच्या) फ्रेमला, म्हणजे माहितीच्या पाकिटाला, आयुष्याची मर्यादा नसते, त्यामुळे सगळ्यांसाठी पाठवलेला एक संदेश गोल-गोल फिरत आपल्या प्रती वाढवत जातो आणि बाकीच्यांना वाटच उरत नाही. साध्या स्विचमध्ये हे थांबवायची सोय बहुधा नसते. मेशमध्ये लूप व्हायची आणखी एक छुपी वाट असते: नोड केबलनेही जोडलेला आणि रेडिओनेही. चांगली यंत्रणा हे ओळखून एक वाट बंद करते, पण मध्ये विचित्र स्विच आला की कधीकधी फसते. नेट असं झटके देऊ लागलं की मी स्विचमधल्या सगळ्या केबल काढतो आणि एकेक परत लावतो. जिच्यावर दिवे वेडे होतात, ती गुन्हेगार. तेव्हापासून प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव लिहितो. बायको हसते, हसू दे.

दुसरा नेहमीचा गोंधळ म्हणजे नोडची केबल कंपनीच्या राउटरमध्ये खुपसणं. मुख्य नोड (कंपनीच्या राउटरला जोडलेला) स्वतः राउटरचं काम करत असेल तर बाकीचे नोड त्याच्या लॅन बाजूला, म्हणजे घराच्या आतल्या नेटवर्कच्या बाजूला, हवेत. थेट किंवा स्विचमधून, कसेही. कंपनीच्या राउटरमध्ये जोडले तर ते मुख्य नोडच्या मागच्या दाराबाहेर राहतात, आणि केबल असूनही वायरलेसवरच चालतात किंवा चालतच नाहीत. मुख्य नोड ब्रिज मोडमध्ये असेल, म्हणजे राउटरचं काम सोडून नेट फक्त पुढे पाठवत असेल, तर गोष्ट वेगळी. कंपनीचा राउटर आणि मुख्य नोड दोघेही राउटर बनून बसले असतील तर एकाला ब्रिज मोडमध्ये टाका.

आणि घाई. नोड खोक्यातून काढला की लगेच केबल लावू नका; सूचनापत्रात वेगळं सांगितलं नसेल तर आधी मुख्य नोडशेजारी ठेवून वायरलेसवर जोडून घ्या, मग जागेवर नेऊन केबल लावा. लावल्यावर दोन-तीन मिनिटं हात बांधून बसा. ॲपमध्ये त्या नोडसमोर 'वायर्ड' असं दिसेपर्यंत स्पीड टेस्ट करायची नाही, पिन तर अजिबात शोधायची नाही.