विल्यम्स सिंड्रोम आणि माणसाचे चित्र: नव्या परीक्षकांसाठी

चिकित्सा मानसशास्त्राच्या प्रशिक्षणात ‘माणसाचे चित्र काढ’ ही चाचणी लवकर हाती येते आणि कागद-पेन्सिलीवर भागत असल्यामुळे सोपीही वाटते. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी ती १९२६ मध्ये मुलांच्या बौद्धिक वाढीचा अंदाज घेण्यासाठी मांडली. भारतीय मुलांसाठी तिचे रूपांतर प्रमिला फाटक यांनी केले. चित्रातले तपशील मोजून गुण द्यायचे, ही तिची रीत. दुर्मीळ जनुकीय विकारांत मात्र हे गुण नेमके कशाचे, हे आधी ठरवावे लागते.

विल्यम्स सिंड्रोममध्ये सातव्या गुणसूत्राच्या एका प्रतीतला सुमारे २५ जनुकांचा तुकडा नसतो. ही मुले अनोळखी माणसाशीही मोकळेपणाने बोलतात, पण वस्तूचे भाग जागच्या जागी जुळवणे त्यांना फार जड जाते. कॅलिफोर्नियातील सॉल्क इन्स्टिट्यूटच्या अर्सुला बेलुगी यांनी नोंदवलेले हत्तीचे उदाहरण या क्षेत्रात प्रसिद्ध आहे: एका किशोरवयीन मुलीने हत्तीचे वर्णन रसाळ केले, पण चित्रात त्याचे अवयव सुटे विखुरले होते. त्यांच्याच गटाच्या अभ्यासात, लहान ‘वाय’ अक्षरांनी बनलेला मोठा ‘डी’ काढायला सांगितल्यावर विल्यम्सच्या व्यक्तींनी सुटे ‘वाय’ काढले, तर डाउन सिंड्रोमच्या व्यक्तींनी नुसता ‘डी’ काढला. दोन्ही कागदांना एकच ‘कमी’ गुण देऊन मोकळे होणाऱ्या परीक्षकाच्या हाती काहीच लागत नाही.

म्हणून मी पूर्ण झालेल्या चित्राइतकेच ते घडताना पाहते. कोणता अवयव आधी आला, पेन्सिल कशी धरली, मूल कुठे थांबले, हे लिहून घेते, मग “हे काय आहे, सांगशील का?” असे विचारून त्याचे शब्द जसेच्या तसे टिपते. विल्यम्स सिंड्रोममध्ये तिरळेपणा बऱ्याचदा आढळतो, त्यामुळे डोळ्यांची तपासणी झाली आहे का, हे पालकांना आधी विचारावे. रेट सिंड्रोम या दुसऱ्या जनुकीय विकारात हाताचा हेतुपूर्वक वापरच नाहीसा होतो. तिथे ही चाचणी घेऊच नये, आणि अहवालात शून्य गुण तर मुळीच लिहू नयेत.

भावनिक अर्थ लावण्याचा मोह सर्वांत जास्त आवरावा. चित्रातला तुटलेला हात म्हणजे असहायता, असली समीकरणे चित्रातून व्यक्तिमत्त्व वाचणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅरेन मॅकओव्हर यांच्या १९४९ च्या मांडणीपासून चालत आली आहेत; सर्वसाधारण मुलांमध्येही त्यांचा आधार कच्चा आहे, आणि विल्यम्समध्ये तर तो हात अवकाशीय रचनेतल्या, म्हणजे भाग जागच्या जागी जुळवण्यातल्या, अडचणीमुळे सुटलेला असू शकतो. भीती किंवा चिंता जाणून घ्यायची असेल, तर या बोलक्या मुलांना, त्यांच्या पालकांना आणि शिक्षकांना सरळ विचारावे.

वयाबरोबर चित्रे सुधारतात, म्हणून प्रत्येक कागदाच्या मागे वय आणि दिलेल्या सूचना लिहाव्यात आणि पुढच्या तपासणीला त्याच सूचना द्याव्यात. मग तुलना दुसऱ्या मुलांशी न करता त्याच मुलाच्या आधीच्या चित्राशी करता येते.