जुन्या पीसीवर पैसे घालायच्या आधीची तयारी (कोकणातल्या घरासाठी)

आंब्याचे पैसे हातात आले, नाहीतर गणपतीला मुंबईहून भाऊ येणार असं ठरलं, की आमच्याकडे हा प्रश्न हमखास येतो: पीसी स्लो झालाय, दहा-बारा हजार आहेत, काय टाकू? विचारणाऱ्याच्या मनात ग्राफिक कार्ड आधीच बसलेलं असतं, त्याला आपल्याकडून फक्त हो हवं असतं. पण आधी स्लो म्हणजे नक्की कधी स्लो ते बघायचं. चालू व्हायलाच पाच मिनिटं घेतो आणि एकदा चालू झाला की बरा असतो, तर दुखणं हार्ड डिस्कचं. सुरुवातीला ठीक, पण ब्राउझरात पंधरा टॅब आणि वर एक्सेल उघडलं की गुदमरतो, तर रॅम. लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावून रात्रभर झोपावं लागतं, तर प्रोसेसर. अर्ध्या तासाने पंखा बोंबलायला लागतो आणि मग सगळं मंदावतं, तर ती गरमी, तिला पैसे लागत नाहीत. आणि मधेच आपोआप बंद होऊन परत चालू होत असेल तर एसएमपीएस, म्हणजे पीसीला करंट पुरवणारा कॅबिनेटमधला डबा, नाहीतर घरातली लाइट. हे अंदाजाने ठरवू नका, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन रोजचं काम चालू असताना बघत राहा. डिस्क सारखी शंभर टक्क्यावर आणि प्रोसेसर वीसवर खेळतोय, असं चित्र जुन्या पीसीत बहुतेक वेळा दिसतं, आणि त्या पीसीत कितीही भारी कार्ड टाकलं तरी चालू व्हायला तो पाचच मिनिटं घेणार.

हे कळलं की मग कॅबिनेट उघडा, पण त्याच्या आधी डेटा बाहेर काढून ठेवा. फोटो, जमिनीचे कागद, होमस्टेची बुकिंगं, पोरांचे प्रोजेक्ट, सगळं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते हार्ड डिस्कची तब्येत सांगतं, त्यात पिवळं दिसलं तर बाकी सगळं सोडून पहिला बॅकअप घ्या, कारण मरायला टेकलेली डिस्क वार बघून मरत नाही. बॅकअप त्याच टेबलाखाली ठेवू नका हेही सांगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा खालच्या मजल्यावरचं सगळंच पाण्यात गेलं, पीसी आणि त्याच्या शेजारी ठेवलेला बॅकअप दोन्ही एकाच पाण्यात असले तर तो बॅकअप कसला. एक कॉपी वरच्या माळ्यावर किंवा पाहुण्यांच्या घरी, आणि महत्त्वाचं तेवढं क्लाउडवर.

आता कॅबिनेट. प्लग काढायचा, मग पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवायचं म्हणजे आत उरलेला करंट उतरतो, आणि मग बाजूचा पत्रा काढायचा. समुद्राजवळच्या घरात हा पत्रा सहज निघेल असं समजू नका, स्क्रूच गंजून बसलेले असतात. आत काय काय सापडतं त्याची यादी घाटावरच्या माणसाला सांगून पटणार नाही. लाल मातीचा थर तर आहेच, पण तो दमट हवेने पंख्याच्या पात्यांना चिकटून कडक झालेला असतो, ब्रशने खरवडावा लागतो. मागच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं असतं. एसएमपीएसच्या उबेला पालीची अंडी. मुंग्या असतात त्या वेगळ्याच. आणि ज्यांचं घर अगदी किनाऱ्याला आहे त्यांच्या रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर, पोर्टच्या कडांना एक काळपट-हिरवट डाग धरलेला दिसतो, ती खाऱ्या हवेची करणी. रॅम काढून त्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसायच्या, रबराचा कचरा झटकायचा, परत घट्ट खटकन आवाज येईपर्यंत बसवायची. बीप मारत बसणारे, डिस्प्ले न देणारे कितीतरी पीसी एवढ्यावर चालू होतात आणि दुकानदाराने सांगितलेला नवीन मदरबोर्ड वाचतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, त्याला गरागरा फिरू देऊ नका. प्रोसेसरवरची, त्याची गरमी बाहेर काढणारी पेस्ट वाळून पावडर झाली असेल तर थर्मल पेस्टची छोटी ट्यूब आणा, आणि बोर्डवरचा गोल सेल, सीआर २०३२, तोही बदला. पीसीची तारीख दर वेळी मागे जाते आणि मग बँकेची साइट सुरक्षित नाही म्हणून उघडत नाही, ही तक्रार निम्म्या वेळा व्हायरसची नसतेच, त्या सेलची असते.

एवढं करून परत दोन दिवस वापरून बघा. काहींचं काम इथेच संपतं.

नाही संपलं तर आत काय बसलंय ते लिहून काढा, दुकानात जाऊन आय फाइव्ह आहे हो असं सांगून उपयोग नाही, आय फाइव्ह २००९ पासून निघतायत. सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव, बोर्डाचं मॉडेल, रॅमचा प्रकार आणि किती स्लॉट भरलेत हे सगळं दिसतं, त्याचे फोनवर फोटो काढा. यात तीन गोष्टींवर नीट नजर ठेवा. रॅम डीडीआर थ्री आहे की फोर, कारण दोघींची खाच वेगळ्या जागी असते आणि एक दुसरीच्या जागी बसतच नाही. बोर्डला एम डॉट टू स्लॉट आहे का, म्हणजे एसएसडीची (हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या, आत काही न फिरणाऱ्या डिस्कची) पट्टी थेट खोचायची जागा, आणि असला तर त्यात जुन्या साटा पद्धतीची एसएसडी चालते की नव्या वेगवान एनव्हीएमईची, दिसायला दोन्ही सारख्याच पट्ट्या असतात म्हणून इथे लोक फसतात. आणि बोर्डाचा चिपसेट, म्हणजे बोर्डावर काय चालेल ते ठरवणारी मुख्य चिप. आपल्याकडच्या सेवा केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत अजून एच ६१ आणि एच ८१ बोर्ड भरपूर दिसतात. एच ६१ ला साटाचा वेग ३ गिगाबिटच मिळतो, एच ८१ ला चार पोर्टांपैकी दोन ६ गिगाबिटचे असतात, म्हणजे एसएसडी त्या दोनांपैकी एकाला लावायची. ३ वर लावली म्हणून बिघडत नाही, हार्ड डिस्कच्या मानाने तीही पळतेच.

आता पैशाचा पहिला वाटा, आणि हे ऐकून सगळे नाराज होतात: घरातल्या लाइटला. मे महिन्याच्या शेवटी पाऊस उतरायच्या आधी आणि परत ऑक्टोबरात जाताना आपल्याकडे विजा कशा होतात ते सांगायला नको, आणि लाइट जाऊन परत येते तेव्हाचा झटका वेगळा. कॅबिनेटला उघडा हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग गेलंय असं धरून चाला, आणि आधी वायरमनला बोलवा. जांभ्यात पाणी थांबत नाही, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, मीठ-कोळसा घालून आणि वरून पाणी ओतून तो जिवंत ठेवावा लागतो. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थच्या मधला व्होल्टेज मोजायला सांगा, एक-दोन व्होल्टच्या आसपास हवा, दहा-पंधरा दाखवत असेल तर नवीन पार्ट घेऊच नका. मग यूपीएस. साधा ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस खऱ्यात ३६० वॉटच्या आसपासच देतो, साध्या ऑफिसच्या पीसीला सेव्ह करून बंद करायला तेवढा पुरतो, त्यावर लेझर प्रिंटर लावू नका. असलेला यूपीएस लाइट गेल्यावर लगेच मान टाकत असेल तर आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी बदलून मिळते, पूर्ण नवीन घ्यायची गरज नसते. आणि गडगडायला लागलं की यूपीएस वाचवेल या भरवशावर राहू नका, प्लग काढा, आणि राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढा, वीज त्या वाटेनेही आत शिरते.

दुसरा वाटा एसएसडीचा, इथे मी वाद घालत नाही. हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी आणि वरून सरकणारी सुई असते, एकच मोठी फाइल ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबीने वाचेल, पण विंडोज चालू होताना हजारो बारीकसारीक फाइली ठिकठिकाणाहून उचलायच्या असतात आणि तिथे ती सुई इकडून तिकडे धावून दमते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. साटाची एसएसडी ५०० एमबीच्या पुढे जाते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट, पण जुन्या पीसीवर रोजच्या कामात या दोघींमधला फरक हाताला लागत नाही, म्हणून बोर्डला जागा नसेल तर एनव्हीएमईसाठी जीव टाकू नका. २५६ जीबी विंडोजला आणि सॉफ्टवेअरला पुरते, फोटो-व्हिडिओ जुन्या डिस्कवर राहू देत, ती तब्येतीने ठीक असली तर. परवडत असेल तर ५०० ची घ्या. ओळखीच्या कंपनीची, वॉरंटीवाली. बाजारात नाव न ऐकलेल्या आणि अविश्वसनीय स्वस्त एक-दोन टीबीच्या मिळतात, त्यांच्यात खरी जागा किती ते भरल्यावरच कळतं.

रॅमच्या बाबतीत २०२५ च्या शेवटापासून गोष्ट बदललीय. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी इतकी लागायला लागली की घरगुती रॅमचे भाव चढले, त्यामुळे आधी "राहू दे, सोळा करून टाक" असं मी सहज म्हणायचो ते आता म्हणत नाही. ब्राउझर, टायपिंग, बिलं, ऑनलाइन फॉर्म एवढंच असेल तर ८ जीबीवर भागतं. ४ असेल तर वाढवाच. ८ ची एकच पट्टी असेल आणि दुसरा स्लॉट मोकळा असेल तर शक्यतो त्याच स्पीडची दुसरी पट्टी टाका, दोन पट्ट्या असल्या की मेमरीचा रस्ता डबल होतो आणि ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक कार्ड नाही त्यांना तो फरक जास्त जाणवतो. डीडीआर थ्री नवीन घेऊ नका, सेकंड हँड मिळते आणि रॅम ही सेकंड हँड घ्यायला त्यातल्या त्यात बिनधोक वस्तू आहे, फक्त घेतल्यावर रात्रभर मेमटेस्ट हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर लावून बघा.

प्रोसेसरकडे यायच्या आधी एक हिशोब मांडा, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत हाच मोठा: आज घेतलेला पार्ट पुढच्या पीसीत नेता येईल का? एसएसडी नेता येते, चांगला एसएमपीएस, मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड सगळं नेता येतं. डीडीआर थ्री रॅम आणि जुन्या सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेचा) प्रोसेसर तिथेच मरणार. म्हणून चौथ्या पिढीच्या आय थ्रीवाल्याने त्याच बोर्डावर सेकंड हँड आय सेव्हन बसवणं मला पटत नाही, अगदी मातीमोल भावात मिळाला तर गोष्ट वेगळी. शिवाय सॉकेटचं नाव सारखं म्हणून चालेलच असंही नाही, इंटेलचं ११५१ सहाव्या-सातव्या पिढीलाही होतं आणि आठव्या-नवव्यालाही, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डात चालत नाही.

यात विंडोजचं लफडं वेगळं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापराला वाढीव सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे त्याच्या खालच्या पीसीत जास्त पैसे ओतण्यात अर्थ नाही. फक्त ब्राउझर आणि टायपिंग असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकून बघा, युनिकोड मराठी त्यात व्यवस्थित लिहिता येतं. पण लग्नपत्रिका आणि बॅनर करणाऱ्या डीटीपीवाल्यांनी, किंवा सरकारी पोर्टलला बायोमेट्रिक मशीन लावणाऱ्यांनी, आपलं सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर तिथे चालतो का ते आधी तपासा, नुसत्या हौसेने फॉरमॅट मारू नका. दहा-बारा हजारांऐवजी थोडे जास्त जमत असतील तर ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड डेस्कटॉप बघा, बोर्ड बदलायचा खर्च आणि तो एकाच ठिकाणी येतात. त्यात फक्त एक मेख, हे छोटे ब्रँडेड डबे असतात त्यांचा एसएमपीएस आणि त्याची पिन बऱ्याचदा कंपनीची स्वतःची असते, नेहमीचा बसत नाही.

ग्राफिक कार्ड शेवटी, आणि गेम किंवा एडिटिंग असेल तरच. आधी एसएमपीएसच्या स्टिकरवर बघा. लोकल डब्यावर ४५० वॉट छापलेलं असतं त्याला फारसा अर्थ नसतो, १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर दिलेत ते वाचा. बोर्डाचा स्लॉट ७५ वॉटपर्यंत देतो, तेवढ्यात चालणारं, वेगळी पॉवर वायर न मागणारं कार्ड घेतलं तर जुन्या पीसीला झेपतं. त्याच्या वरचं हवं असेल तर चांगल्या एसएमपीएसचा खर्च कार्डाच्या किमतीतच धरा.

खरेदी पावसाच्या आधी उरका. जूननंतर कुरियरही रखडतं, आणि गणपतीच्या गाडीत चाकरमान्याला उभं राहायला जागा नसते, त्याच्या बॅगेत तुमचा मॉनिटर कुठे कोंबणार. एसएसडी-रॅम मात्र कोणीही खिशातून आणतं, तेव्हा आंब्याची पेटी मुंबईला पाठवताना निरोप द्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला भाव कमी पडतो हे खरं, पण यूपीएस आणि एसएमपीएस मी रत्नागिरी-कुडाळातूनच घ्या म्हणेन, जड वस्तू बिघडली तर बदलायला परत मुंबईला कोण नेणार. पक्कं बिल मागा, सिरियल नंबर लिहिलेलं. हे बिल बऱ्याचदा थर्मल कागदावर येतं आणि आपल्या हवेत त्यावरची अक्षरं वॉरंटी संपायच्या आधीच उडतात, त्यामुळे घेतल्या दिवशीच बिलाचा आणि पार्टवरच्या स्टिकरचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा.