दगड उचलण्याआधी: फ्लिंट हिल्समधील पहिला हंगाम

माझे बालपण रत्नागिरीच्या सड्यावर गेले. दगडाखाली बोटे घालायची नाहीत, तिथे फुरसे असते, ही ताकीद आम्हाला चालायला लागल्यापासून मिळत होती. त्यामुळे अमेरिकेत कॅन्सस राज्यातील फ्लिंट हिल्समध्ये सापांच्या गणनेसाठी क्षेत्रसहायक म्हणून रुजू झालो आणि दिवसाला दोन-अडीचशे दगड उलटणे हेच आपले काम आहे असे समजले, तेव्हा काही आठवडे मी आईला फोनवर कामाचे स्वरूप सांगितलेच नाही.

फ्लिंट म्हणजे चकमकीचा दगड. या टेकड्यांमध्ये चुनखडीचे थर असून त्यांत चकमकीचे तुकडे इतके भरलेले आहेत की उथळ मातीत नांगर चाललाच नाही. उत्तर अमेरिकेतील उंच गवताच्या प्रेअरीपैकी, म्हणजे गवताळ माळरानांपैकी, आज चार टक्क्यांहूनही कमी शिल्लक आहे आणि त्यातला सर्वांत मोठा सलग पट्टा येथे वाचला, तो या दगडांमुळेच. सापांनाही त्यांचाच आधार आहे. उतारावर उघड्या पडलेल्या चुनखडीच्या भेगांमध्ये ते हिवाळा काढतात आणि एप्रिलमध्ये बाहेर आल्यावर काही आठवडे जवळपासच्या सपाट चिपांखाली ऊब घेतात. जून लागला की ते गवतात पांगतात, म्हणून नवख्याने एप्रिलचा मध्य ते मेअखेर एवढाच काळ भरवशाचा धरावा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतणारे साप पुन्हा दिसतात, पण कमी.

पहिला आठवडा मी जवळजवळ रिकाम्या हातांनी परतलो, कारण मोठा दगड दिसला की उचलायचा, एवढीच माझी पद्धत होती. आमच्या प्राध्यापकांनी एक दगड उलटून त्याच्या खालच्या अंगाला तळहात लावायला सांगितले. दगड कोमट होता आणि खालची माती दमट होती. हे दोन्ही जुळले तरच साप मिळण्याची शक्यता असते. गार सकाळी पातळ चिपा लवकर तापतात, म्हणून त्या आधी पाहाव्यात. ऊन चढल्यावर त्यांच्याखाली भाजून निघते, तेव्हा वीतभर जाडीच्या दगडांकडे वळावे. दक्षिणेकडचा उतार, आदल्या रात्रीचा पाऊस आणि पंधरा ते पंचवीस अंशांची हवा असा योग आला, तर दुपारच्या जेवणाचे विसरावे लागते.

सर्वाधिक भेटतो तो रिंगनेक. हा पेन्सिलीएवढ्या जाडीचा साप असून पाठ राखाडी-काळी आणि मानेभोवती पिवळसर कडे असते. त्याला डिवचले की तो शेपटीची गुंडाळी करून तिची लालभडक खालची बाजू वर दाखवतो आणि हाताला असा काही दर्प सोडतो की साबणानेही तो लवकर जात नाही. येथे तो प्रामुख्याने गांडुळे खातो, त्यामुळे ओल आणि साप यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सर्पतज्ज्ञ हेन्री फिच यांनी १९४८ पासून कॅन्ससमधीलच लॉरेन्स शहराजवळच्या राखीव क्षेत्रात अनेक दशके सापांची नोंद ठेवली. रिंगनेकची त्यांनी मोजलेली घनता हेक्टरी सातशेहून अधिक होती. हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. पुढे एकाच दगडाखाली अकरा रिंगनेक मिळाले आणि शंका मिटली.

मात्र त्याच दगडाखाली कॉपरहेड किंवा मॅसासॉगा हे विषारी सापही असू शकतात. मॅसासॉगा हा लहान रॅटलस्नेक असून त्याच्या शेपटीचा आवाज इतका बारीक असतो की एखादा किडा गुणगुणतो आहे असे वाटते. म्हणून दगडाच्या मागे उभे राहून पलीकडची कड आकड्याने आपल्याकडे ओढावी, म्हणजे उभा राहिलेला दगड साप आणि आपले पाय यांच्यामध्ये ढालीसारखा राहतो. मी प्रारंभी अलीकडची कड धरून तो पलीकडे ढकलत असे, म्हणजे दार थेट माझ्या बुटांकडे उघडत असे. एका कॉपरहेडने जागचे न हलता माझ्याकडे पाहिले, तेव्हा ही सवय सुटली. दगडांखाली विंचू आणि ब्लॅक विडो कोळीही असतात, म्हणून हातमोजे घालावेत. संध्याकाळी गोचिडांसाठी अंग तपासावे, त्यात आळस करू नये.

येथील बहुतेक जमीन खासगी गुरेपालकांची आहे. कुंपण ओलांडण्याआधी मालकाची परवानगी आणि साप हाताळण्यासाठी राज्याच्या वन्यजीव विभागाचा परवाना, या दोन्ही गोष्टी हातात हव्यात.

साप मोजून झाला की आधी दगड त्याच्या जुन्या खाचेत तंतोतंत बसवावा आणि मग साप कडेला सोडावा, तो आपणहून आत शिरतो. उलट क्रमाने केले तर साप दगडाखाली चिरडला जातो. मे महिन्यात पावसाच्या घाईत एकोणचाळीस क्रमांकाचा दगड माझ्याकडून बोटभर तिरका राहिला. आठवड्याने पाहिले तर फटीतून वारा जाऊन खालची माती पांढरी पडली होती. तोवर तिथे प्रत्येक फेरीत चार-पाच रिंगनेक मिळत असत; ऑक्टोबरपर्यंतच्या वहीत त्या क्रमांकापुढे शून्यच आहे.