सरकारी आयटी करार लिहायला बसण्याआधी काय काय तयार हवं

आयटीचं टेंडर उरकलं, कंपनी ठरली आणि वरून निरोप आला की परवापर्यंत कराराचा ड्राफ्ट द्या. अशा वेळी बहुतेक जण मागच्या कराराची वर्ड फाईल उघडतात, नाव आणि तारीख बदलतात आणि पुढे पाठवतात. कृपया असं करू नका, कारण सरकारी खात्यात करार लिहिणारा माणूस बदलीवर जातो. करार पाच वर्षं चालणार असतो, वाद तिसऱ्या वर्षी उभा राहतो, आणि तोवर तुम्ही दुसऱ्या खात्यात गेलेले असता, कंपनीचा जो मॅनेजर मीटिंगमध्ये "ते होऊन जाईल सर" म्हणाला होता तोही नोकरी सोडून गेलेला असतो. मागे राहतो फक्त कागद आणि नुकताच चार्ज घेतलेला कुणीतरी अधिकारी. माझी सगळी तयारी त्या माणसासाठी असते.

सगळ्यात आधी, एकही कलम लिहिण्याआधी, जिथे काम चालतं त्या टेबलाशी एक पूर्ण दिवस बसून या. साहेबांच्या केबिनमध्ये नाही, जो माणूस रोज अर्ज घेतो किंवा पगारबिल काढतो त्याच्या शेजारी. नेहमीचं काम कसं होतं ते सगळेच सांगतात, तुम्ही अडलेली कामं विचारा: अर्ज अर्धवट आला तर काय करता, दोन नोंदी एकाच माणसाच्या निघाल्या तर, मागच्या तारखेपासून फरक द्यायचा असेल तर. कॅनडा सरकारची फिनिक्स ही पगाराची सिस्टिम २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा बजेट आणि वेळ सांभाळण्यासाठी काही महत्त्वाची कामं आधीच काढून टाकलेली किंवा पुढे ढकललेली होती, मागच्या तारखेपासूनच्या पगाराचं कामही त्यात होतं, आणि मग हजारो कर्मचाऱ्यांचे पगार चुकले, कुणाला कमी, कुणाला जास्त, कुणाला मिळालेच नाहीत. म्हणून करारात एक ओळ हवीच, की स्कोपमधून, म्हणजे कंपनीने करायच्या कामांच्या यादीतून, कुठलंही काम काढायचं असेल तर ते काम रोज करणाऱ्या शाखेची लेखी सही लागेल आणि तोवर ते हाताने कसं करणार तेही त्याच कागदावर लिहावं लागेल.

स्कोप लिहिताना "इत्यादी", "आवश्यकतेनुसार", "युजर फ्रेंडली" हे शब्द शोधून काढा आणि प्रत्येकाच्या जागी काहीतरी मोजता येईल असं लिहा. "युजर फ्रेंडली" ऐवजी, ट्रेनिंग घेतलेल्या नवीन कर्मचाऱ्याला कुणाला न विचारता एक अर्ज किती मिनिटांत नोंदवता आला पाहिजे ते लिहा, म्हणजे घड्याळ लावून तपासता येतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या आरोग्य खात्याची पगार सिस्टिम २०१० मध्ये सुरू झाली, मूळ करार साधारण ६० लाख डॉलरचा, आणि पुढे दुरुस्त्या आणि चालवण्याचा खर्च धरून अंदाज १२० कोटी डॉलरच्या घरात गेला. २०१३ च्या चौकशी आयोगाने जी कारणं दाखवली त्यात आपल्याला नेमकं काय हवंय हे सरकारनेच नीट ठरवलं नव्हतं हेही होतं. कंपनीला दोष द्यायला कधीही जागा असते पण हा भाग आपल्याच हातात असतो हो.

आता स्वीकृती, म्हणजे यूएटी: सिस्टिम सुरू करण्याआधी (गो-लाइव्हआधी) खात्याने ती स्वतः वापरून तपासणं. कोण तपासणार, कुठल्या डेटावर तपासणार, किती आणि कसल्या चुका शिल्लक असल्या तरी चालतील, हे परिशिष्टात आधीच हवं, नाहीतर गो-लाइव्हच्या आदल्या रात्री "किरकोळ आहे, नंतर बघू" सुरू होतं. कंपनीच्या ड्राफ्टमध्ये बरेचदा एक वाक्य लपलेलं असतं, की अमुक दिवसांत खात्याने हरकत घेतली नाही तर काम स्वीकारलं असं समजलं जाईल. सरकारी फाईल किती टेबलं फिरते ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे हे वाक्य काढा, आणि अगदीच काढता येत नसेल तर दिवस वाढवून घ्या आणि आठवण करून देणारी लेखी नोटीस सक्तीची करा.

एसएलए, म्हणजे सेवा किती नीट चालली पाहिजे आणि नाही चालली तर दंड किती हा भाग, लिहायला कॅल्क्युलेटर घेऊन बसा, खरंच. ९९.५ टक्के अपटाइम ऐकायला छान वाटतं, पण ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ३ तास ३६ मिनिटं सिस्टिम बंद राहिली तरी कंपनी नियमातच आहे. आणि हेच तिमाहीवर मोजायचं ठरलं तर ९० दिवसांत १० तास ४८ मिनिटं, म्हणजे अख्खा कामाचा दिवस सिस्टिम पडून राहिली आणि बाकीचे दिवस नीट चालली तर दंड शून्य! तो एक दिवस नेमका अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेचा असला तर लोकांनी काय करायचं? म्हणून मोजणी महिन्याची ठेवा, कामाच्या वेळेतली वेगळी ठेवा, शेवटच्या तारखांच्या दिवसांना कडक आकडा लावा, आणि हे मोजणार कोण ते लिहा. कंपनीनेच मोजायचं आणि कंपनीनेच रिपोर्ट द्यायचा अशी व्यवस्था असेल तर निदान लॉग, म्हणजे सिस्टिममध्ये आपोआप होणाऱ्या नोंदी, थेट बघायचा अधिकार खात्याकडे हवा. दंडाला वरची मर्यादा असतेच, ती गाठली की पुढे काय हेही लिहून ठेवा, करार रद्द करायचा हक्क तिथूनच सुरू झाला पाहिजे, नाहीतर मर्यादा भरली की कंपनी निवांत होते.

एकापेक्षा जास्त कंपन्या असतील तर सगळं जोडून चालवण्याची जबाबदारी एकाच्याच गळ्यात घाला. अमेरिकेची आरोग्य विम्याची सरकारी साइट हेल्थकेअर डॉट गव्ह १ ऑक्टोबर २०१३ ला उघडली आणि पहिल्याच दिवशी कोलमडली, तिथे कंत्राटदार बरेच होते आणि सगळं एकत्र बांधायचं काम सरकारी एजन्सीने स्वतःकडेच ठेवलं होतं, तेवढी तयारी नसताना.

पैशांचं थोडक्यात: बिल कागदावर नाही, चालणाऱ्या गोष्टीवर काढा. "डिझाईन डॉक्युमेंट सादर" या माइलस्टोनला मोठी रक्कम लावू नका, शेवटचा हप्ता सिस्टिम काही महिने नीट चालल्यावरच द्या. चेंज रिक्वेस्टचे (करारानंतर मागितलेल्या बदलांचे) दर, म्हणजे कुठल्या पदाच्या माणसाचा दिवसाचा किती, आजच ठरवून घ्या, कारण आज स्पर्धा आहे आणि उद्या नसणार. आणि चूक दुरुस्त करणं म्हणजे चेंज रिक्वेस्ट नाही, हे वाक्य जसंच्या तसं करारात टाका.

यानंतरचा भाग मी सगळ्यात आधी लिहिते, छापताना तो शेवटी येतो: करार संपल्यावर काय. एकदा जुन्या कंपनीकडून डेटा ताब्यात घेताना मी हजर होते. करारात "सर्व डेटा परत द्यावा" एवढंच होतं आणि त्यांनी तो दिलाही, एका हार्ड डिस्कवर, सगळी टेबलं. उघडून बघितलं तर "स्टेटस" नावाचा कॉलम आणि त्यात १ ते ९ आकडे. १ म्हणजे नवीन अर्ज, २ म्हणजे तपासणी, इथपर्यंत अंदाज लागला. ४ म्हणजे काय आणि ७ म्हणजे काय हे सांगणारं कुणी नव्हतं, ज्यांनी लिहिलं ते केव्हाच गेलेले. नावं जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोडमध्ये नाही, त्यामुळे शोधता येईनात. कित्येक आठवडे दोन कारकून कागदी फाईली काढून एकेक नोंद जुळवत बसले, आणि तेवढे दिवस ज्यांचे अर्ज अडकले त्यांना उत्तर काय द्यायचं हे आम्हाला कळत नव्हतं. करारात चूक कुठलीच नव्हती, फक्त दोन ओळी कमी होत्या.

तेव्हापासून मी असं लिहिते: डेटा खुल्या फॉरमॅटमध्ये आणि युनिकोडमध्ये द्यायचा, सोबत प्रत्येक कॉलमचा आणि प्रत्येक कोडचा अर्थ सांगणारी डेटा डिक्शनरी, आणि हे फक्त शेवटी नाही तर दर वर्षी एकदा, खात्याच्या मशिनवर उघडून दाखवायचं. सोर्स कोड (सिस्टिमचा मूळ प्रोग्राम) द्यायचा तर तो त्रयस्थ माणसाने रिकाम्या सर्व्हरवर चालवून बघितल्याशिवाय दिला असं धरायचं नाही. डोमेन, क्लाउडचं अकाउंट, ॲप स्टोअरचं अकाउंट, लायसन्स, एन्क्रिप्शनच्या चाव्या हे सगळं पहिल्या दिवसापासून खात्याच्या नावावर हवं, आणि ईमेल पदाचा हवा, व्यक्तीचा नको. नवीन कंपनीला काम शिकवायला जुन्याने किती महिने थांबायचं आणि त्याचे पैसे किती, हेही आत्ताच ठरवा. भांडण चालू असलं तरी सेवा आणि डेटा अडवता येणार नाही हे वेगळं कलम करा.

सुरक्षेत निदान एवढं बघा, की घुसखोरी झाली तर किती तासांत कळवायचं तो आकडा लिहिलेला आहे आणि तास कधीपासून मोजायचे तेही. कंपनीच्या जबाबदारीला जी रकमेची मर्यादा असते, त्यातून लोकांचा डेटा फुटल्याचं नुकसान बाहेर ठेवायचा प्रयत्न करा. कंपनी ऐकणार नाही, तरी निदान त्यासाठी वेगळी मोठी मर्यादा मिळवा. सब-कॉन्ट्रॅक्टर कोण याची यादी आणि बदलायच्या आधी लेखी परवानगी.

सहीच्या आधी परिशिष्टं खरंच जोडलीत का ते हाताने पान उलटून बघा. टेंडर, कंपनीचा प्रस्ताव, प्री-बिडची उत्तरं (टेंडर भरण्याआधी कंपन्यांच्या प्रश्नांना दिलेली) आणि करार यांत फरक निघाला तर कुठलं वरचढ तेही लिहा. मग ड्राफ्ट अशा सहकाऱ्याला द्या जो एकाही मीटिंगला नव्हता, आणि त्याला पाच प्रश्न विचारा: सिस्टिम बंद पडली तर कुणाला फोन करायचा, या महिन्याचा दंड किती, हे काम स्कोपमध्ये आहे का, डेटा कुणाच्या ताब्यात, कंपनी उद्या निघून गेली तर काय. तोंडी काही सांगू नका, त्याला शोधू द्या. जिथे तो मान वर करून तुमच्याकडे बघेल त्या कलमावर पेन्सिलने खूण करा आणि सहीच्या आधी ते परत लिहा.