खिडकीची मोटर शेवटाला आपोआप थांबवायची कशी (आणि परत उलटीही फिरली पाहिजे!)

गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तिचा व्हेंटिलेटर इतका उंच की बंद करायला स्टूल लागायचं, आणि पाऊस यायचा तेव्हा नेमकं स्टूल खाली. म्हणून भंगारातून गाडीची पॉवर विंडोची मशीन आणली, म्हणजे १२ व्होल्टची मोटर आणि काच वरखाली करणारी ती पट्टी, आणि व्हेंटिलेटरच्या सरकत्या काचेला जोडली. चालली मस्त. फक्त शेवटाला जाऊन थांबेना, बटण दाबून ठेवलं की घूं करत काचेला रेटत राहायची.

हे का वाईट ते आधी बघा. माझी मोटर मोकळी सरकताना ४ अँपिअर घेते आणि अडकली की १८ च्या वर जाते, तो सगळा करंट उष्णता होतो आणि आत गिअर प्लास्टिकचा असतो. बऱ्याच मोटरींच्या आत गरम झाल्यावर करंट तोडणारा कटआउट असतो, "तो आहे ना" म्हणून लोक निवांत राहतात, पण तो मोटर जळू नये म्हणून शेवटचा उपाय आहे, रोज दहा वेळा त्याच्यावर थांबवायची नसते. स्वतःच्या मोटरचा करंट मोजूनच घ्या, आणि टॉंग टेस्टर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) डीसी मोजणारा हवा, साधा घरगुती एसीवाला डीसीला शून्य दाखवतो आणि माणूस उगाच वायर तपासत बसतो.

आता पहिली चूक, जी मी केली आणि बहुतेक सगळे करतात. काचेच्या वाटेच्या दोन्ही टोकांना मायक्रो स्विच (काच टेकली की दाबले जाणारे छोटे स्विच) लावले आणि सरळ मोटरच्या वायरमध्ये सिरीजमध्ये टाकले. काच वर गेली, स्विच दाबला गेला, मोटर थांबली, वा! मग खाली यायचं बटण दाबलं तर काहीच नाही, कारण सर्किट तुटलंय ते दोन्ही दिशांना तुटलंय. हाताने ढकलू म्हटलं तर वर्म गिअर हो, मोटरशिवाय हलतच नाही. पुन्हा स्टूल.

म्हणजे स्विचने एकच दिशा तोडायची, दुसरी मोकळी ठेवायची. याचे दोन रस्ते आहेत.

झटपट रस्ता डायोडचा, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या पार्टचा. प्रत्येक मायक्रो स्विचच्या कॉमन आणि एनसी (स्विच दाबलेला नसताना आपसात जोडलेल्या) या पिना मोटरच्या वायरमध्ये घ्यायच्या आणि त्याच दोन टोकांवर आडवा एक डायोड लावायचा, ६ए१० किंवा १०ए१० चालतो, बारका ४००७ नको, त्याची लायकी १ अँपिअरची. स्विच दाबला जाऊन सर्किट तुटलं की पुढे जाणारा करंट डायोड अडवतो आणि उलटा करंट जाऊ देतो, तेवढ्यात काच स्विचवरून सुटते आणि काम पुन्हा स्विचवर येतं. डायोड उलटा लागला तर लगेच कळतं, शेवटाला थांबत नाही आणि एकदा तिथे पोचली की परत येत नाही. डायोडवरच्या रंगीत पट्टीची बाजू बदला, झालं.

पण यात सगळा करंट त्या बिचाऱ्या मायक्रो स्विचमधून जातो. माझा महिन्याभरात आतून चिकटला, कारण डीसीची ठिणगी एसीसारखी पटकन विझत नाही, आणि स्विचवर लिहिलेले अँपिअर बहुतेक वेळा एसीचे असतात. म्हणून मी दुसऱ्या रस्त्यावर आलो आणि तुम्हालाही तोच सांगेन, रिलेचा.

गाडीचे पाच पिनांचे दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालूबंद करणारे स्विच) घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत किंवा कुठल्याही गाडीच्या वायरिंगवाल्याकडे मिळतील. दोन्हींची ८७ नंबरची पिन फ्यूजमधून बॅटरीच्या प्लसला, दोन्हींची ८७ए मायनसला, आणि दोन्हींच्या ३० नंबरवर मोटरची एकेक वायर. काही दाबलेलं नसताना रिलेत ३० ही ८७ए ला जोडलेली असते (बटण दाबलं की ८७ ला जाते), म्हणून मोटरची दोन्ही टोकं मायनसवर असतात, म्हणजे आपसात शॉर्ट, त्यामुळे मोटर थांबताना ब्रेक लागल्यासारखी थांबते, हा फुकटचा फायदा. दोन्ही बटणं चुकून एकदम दाबली तरी दोन्ही टोकं प्लसवर जातात, शॉर्ट होत नाही.

आता कॉइल, म्हणजे रिलेला चालवणारं आतलं वेटोळं, ८५ आणि ८६ या पिनांमधलं. "उघड" बटणातून वायर उघडण्याच्या टोकावरच्या मायक्रो स्विचच्या कॉमनला, त्याच्या एनसीमधून पहिल्या रिलेच्या ८६ ला, आणि ८५ मायनसला. "बंद" बटणाचं तसंच, बंद टोकाच्या स्विचमधून दुसऱ्या रिलेला. बस. स्विचमधून आता फक्त कॉइलचा करंट जातो, एक-दीडशे मिलिअँपिअर, त्यात चिकटायचं काही कारणच नाही. प्रत्येक कॉइलवर आडवा एक ४००७ डायोड लावा, पट्टीची बाजू ८६ कडे, इथे तो बारका चालतो.

फ्यूज १५ अँपिअरचा, बॅटरीजवळच. सप्लायला मी यूपीएसची ७ एएचची बॅटरी ठेवलीये, स्वस्त १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेवरून १२ व्होल्ट देणारा डबा) मोटर सुरू होतानाच्या झटक्याला बंद पडत होता.

काच बसवण्याआधी टेबलावर टेस्ट करा, हे टाळू नका. "उघड" दाबून मोटर फिरत असताना उघडण्याच्या बाजूचा स्विच बोटाने दाबा, थांबली पाहिजे, आणि तो दाबलेलाच ठेवून "बंद" दाबा, फिरली पाहिजे. मग काच बसवल्यावर बटण अर्धा सेकंदच दाबून बघा काच कुठे जाते. "उघड" ला बंद व्हायला लागली तर मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा, नाहीतर चुकीच्या टोकाचा स्विच वाट बघत बसेल आणि काच भलतीकडे धडकेल.

स्विच बसवायची जागा अगदी शेवटाला नको. गाडीत काच तीन-चार सेकंदांत वर जाते, म्हणजे सेकंदाला १० सेंटीमीटरच्या वरच, रिले सुटायला २० मिलिसेकंद धरले तरी काच २ मिलिमीटर पुढे जाते, वर मोटरचा स्वतःचा जोर. मी ७-८ मिलिमीटर आधी ठेवला, रोलरच्या पात्याचा, आणि स्क्रूचं भोक लांबट केलं म्हणजे मागेपुढे करता येतो.

इथपर्यंत केलं की मोटर टोकाला थांबते. पण मध्येच कोणाचं बोट आलं तर टोकाच्या स्विचला काय कळणार? अमेरिकेच्या गाड्यांच्या सुरक्षेच्या एफएमव्हीएसएस ११८ नियमात आपोआप बंद होणाऱ्या खिडकीने मध्ये काही आलं तर १०० न्यूटनच्या, म्हणजे साधारण १० किलोच्या, जोराआत उलटं फिरायला हवं. घरी हे करंट बघून जमवता येतं. एसीएस७१२ हा ३० अँपिअरचा करंट मोजणारा सेन्सर मोटरच्या एका वायरमध्ये घाला, तो अँपिअरला ६६ मिलिव्होल्ट देतो आणि शून्याला अडीच व्होल्टवर बसतो, म्हणजे अर्डुइनो उनोवर (प्रोग्राम करायचं छोटं बोर्ड, ते ० ते ५ व्होल्ट ० ते १०२३ असे वाचतं) साधारण ५१२ हा आकडा आणि प्रत्येक अँपिअरला साडेतेरा. ७ अँपिअरची मर्यादा ठेवली तर एका दिशेला ६०७, दुसरीकडे ४१७. सुरुवातीचे ३००-४०० मिलिसेकंद वाचूच नका, सुरू होतानाच मोटर भसकन करंट ओढते, आणि नंतरही दहा रीडिंगची सरासरी घ्या. मर्यादा ओलांडली की अर्डुइनोने आणखी एका रिलेने दोन्ही बटणांचा प्लस तोडायचा. मीही एवढंच केलंय, उलटं फिरवायचं अजून बाकी आहे.

फक्त करंटवर सगळं सोपवू नका मात्र. रबरात धूळ बसली की काच जड होते, करंट वाढतो आणि खिडकी अर्ध्यातच थांबते, मग माणूस मर्यादा वाढवत नेतो आणि सगळंच निरर्थक होतं. रबर साफ करून सिलिकॉन स्प्रे मारा, मर्यादेला हात लावू नका.

आणि टेस्ट बोट घालून नाही, काकडी घालून करा. १२ अँपिअरवर माझी काकडी चेपून चपटी झाली होती, ७ वर नुसता वळ उठतो.