चहा देण्याआधी पलंगावरची पाटी वाचा

इंग्लंडमध्ये हॉस्पिटलात हेल्थकेअर सपोर्ट वर्कर (नर्सच्या हाताखाली पेशंटची देखभाल करणारी) म्हणून लागलेल्या आपल्या मुलींचे मला फोन येतात. प्रश्न एकच, "ताई, परीक्षा अवघड असते का?" तीन तास पेपर लिहायचा, अशी परीक्षा इथे नसते. आधी काही दिवस वर्ग, मग वॉर्डात जुन्या माणसासोबत शिफ्ट, आणि साधारण १२ आठवड्यांत केअर सर्टिफिकेट, म्हणजे देखभालीची मूळ कामं येतात याचा दाखला. त्याचे १५ भाग होते, २०२५ पासून १६ झाले. बरंचसं काम असेसरसमोर, म्हणजे काम तपासणाऱ्यासमोर, प्रत्यक्ष करून दाखवावं लागतं, तेव्हा सही मिळते. ऑनलाइन मॉड्यूलची तयार उत्तरं आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर फिरतात. ती घेऊ नका. ज्यांनी घेतली, त्या मुली पेशंटसमोर अडखळलेल्या मी पाहिल्या आहेत.

हे सर्टिफिकेट आलं २०१५ मध्ये. त्याआधी मिड स्टॅफर्डशायरच्या हॉस्पिटलात पेशंटची फार आबाळ झाली होती. पाण्याचा ग्लास हात पोचणार नाही इतका लांब ठेवलेला, माणसं तहानलेली. २०१३ च्या चौकशी अहवालात हे सगळं आलं. म्हणून खाण्यापिण्याचा भाग कधी हलक्यात घेऊ नका. माझी चूक तिथेच झाली.

दुसरा आठवडा. पक्षाघातातून सावरणाऱ्या एका आजोबांनी चहा मागितला. घरी आलेल्याला आधी पाणी विचारायचं, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं. मी लगेच कप भरून दिला. दुसऱ्या घोटाला त्यांना जोराचा ठसका लागला, डोळे पाणावले, ओठ निळसर दिसू लागले. नर्स धावली, त्यांना सरळ बसवलं, घशातलं ओढून काढायचं सक्शन मशीन लावलं. रात्री ताप चढला, छातीत संसर्ग झाला. ते बरे होऊन घरी गेले, पण ती रात्र मी झोपले नाही. पलंगावर पाटी होती: लेव्हल २. म्हणजे गिळायला त्रास, पेय पावडर घालून दाट करूनच द्यायचं. सकाळी शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती देतात त्या हँडओव्हरमध्ये हे सांगितलंही होतं. मला शब्द कळला नव्हता आणि मी मान डोलावली होती. इन्सिडेंट रिपोर्ट झाला, त्या भागाची सही अडली, प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं.

न कळता मान डोलावू नका. "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" एवढं म्हणा. दहा वेळा म्हणा. इथली माणसं विचारल्याबद्दल रागावत नाहीत, न विचारता केल्याबद्दल मात्र चौकशी लागते. आणि "व्हेन यू हॅव अ मिनिट" असं गोड आवाजात सांगितलं, तरी काम बहुतेक वेळा आत्ताच हवं असतं.

दुसरी गोष्ट श्वास मोजण्याची. पेशंटची प्रकृती बिघडतेय का हे गुणांवरून कळतं, त्या न्यूज-२ तक्त्यात नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन मशीन देतं, श्वास मात्र डोळ्यांनी मोजायचे असतात, पूर्ण एक मिनिट. पेशंटला सांगून मोजू नका, त्याचा श्वास बदलतो. मनगट नाडीसाठी धरल्यासारखं ठेवा आणि छातीकडे बघा. आधीच्या नोंदीतला श्वासाचा आकडा बघून तोच टाकणारे खूप आहेत, आपलेही आहेत. प्रकृती बिघडायला लागली की श्वासाचा वेग बरेचदा सगळ्यात आधी बदलतो. तक्त्यातल्या गुणांची बेरीज ५ किंवा जास्त आली, की नुसती नोंद करून थांबू नका, नर्सला तोंडी सांगा.

ज्या तुम्ही आधी गावी नर्स होतात, त्यांना विशेष सांगणं. हाताला सवय आहे म्हणून सलाइनला किंवा गोळ्यांना हात लावू नका. आपली भूमिका ओळखणं हा पहिलाच भाग आहे, आणि आपल्या अनुभवी बायकाच तिथे अडकतात.

बांगड्या, घड्याळ, हातातला दोरा घरीच काढून ठेवा. साधी अंगठी बहुतेक ठिकाणी चालते. मंगळसूत्राचं मॅनेजरला आधीच विचारा.

सह्या झालेल्या प्रत्येक पानाची कॉपी त्याच दिवशी घरी ठेवा. असेसर नोकरी सोडून जातात आणि मग पानं कुणाला सापडत नाहीत.