भाड्याची जागा ताळेबंदात कशी आणायची: इंड एएस 116 चा हिशेब

भाडेकरारांच्या (लीजच्या) हिशेबाचे आंतरराष्ट्रीय मानक आयएफआरएस 16 हे 1 जानेवारी 2019 पासून लागू झाले आणि त्यावर बेतलेले भारतीय मानक इंड एएस 116 आपल्याकडे 1 एप्रिल 2019 पासून. तेव्हापासून भाडेकरू कंपनीला दर महिन्याचे भाडे नुसते खर्चात टाकून मोकळे होता येत नाही. पुढच्या काळात द्यायच्या भाड्याचे आजचे मूल्य 'लीज लायबिलिटी' म्हणून देण्यांच्या बाजूला येते आणि जागा वापरण्याचा हक्क 'राइट ऑफ यूज अ‍ॅसेट' म्हणून मालमत्तेत. गणित एक्सेलमध्ये दहा मिनिटांत होते. खरे काम करारपत्र नीट वाचण्याचे आहे, आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

आधी करारात लीज आहे का ते ठरवा. दोन गोष्टी तपासायच्या: विशिष्ट वस्तू ठरलेली आहे का, आणि ती कशी वापरायची हे तुम्ही ठरवता का. भिवंडीच्या गोदामात ठरावीक गाळा तुमच्यासाठी राखून ठेवला असेल आणि त्यात काय, कधी ठेवायचे हे तुम्ही ठरवत असाल, तर ती लीज. गोदामवाला तुमचा माल त्याच्या सोयीने कुठेही हलवू शकत असेल आणि त्यात त्याचा फायदा असेल, तर ती नुसती सेवा. कर्मचाऱ्यांच्या बसचेही तेच: कंत्राटदार आपल्या ताफ्यातली कोणतीही बस पाठवू शकत असेल तर लीज नाही. कराराच्या मथळ्यावर 'लीव्ह अँड लायसन्स' लिहिले आहे म्हणून लीज नाही, असे मात्र समजू नका. मथळ्याला इथे किंमत नाही.

दुसरी पायरी मुदत, आणि इथे घाई करू नका. न मोडता येणारा काळ धरायचा, आणि मुदत वाढवण्याचा तुमचा हक्क तुम्ही वापराल अशी वाजवी खात्री असेल तर तो वाढीव काळही. साठ महिन्यांच्या करारात चोवीस महिन्यांचा लॉक-इन (करार मोडता न येणारा काळ) असला की अनेक जण मुदत चोवीस महिने धरतात. पण फर्निचर, वायरिंग, एसी यांवर मोठा खर्च केला असेल तर दोन वर्षांत ते टाकून कोण जाईल? फर्निचरचा घसारा पाच वर्षांत आणि लीजची मुदत दोन वर्षे, ही विसंगती ऑडिटर पहिल्या नजरेत पकडतो. बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या, खरेदीचा पर्याय नसलेल्या लीजला ताळेबंदात न आणण्याची सूट घेता येते. पण अकरा महिन्यांच्या करारात नूतनीकरणाचा हक्क तुमच्याकडे असेल आणि तुम्ही राहणार हे उघड असेल, तर ती सूट मिळत नाही.

मग हप्ते. दरवर्षी 5 टक्के वाढ असे ठरले असेल तर ती धरायची. महागाई निर्देशांकाशी बांधलेले भाडे सुरुवातीच्या निर्देशांकानुसार धरायचे. विक्रीच्या टक्केवारीवरचे भाडे लीज लायबिलिटीत येत नाही, ते त्या-त्या काळात खर्चात जाते. जीएसटी वेगळा ठेवा. सफाई-सुरक्षेचे शुल्कही वेगळे काढा. तसे करायचे नसेल तर त्या प्रकारच्या सर्व मालमत्तांसाठी एकत्र धरण्याचे धोरण घ्या.

हप्त्यांचे आजचे मूल्य काढायला लागणारा व्याजदर कराराच्या आत दडलेला असतो, पण घरमालकाचे आकडे भाडेकरूला सहसा कळत नाहीत. म्हणून तेवढ्याच मुदतीचे, तसेच तारण असलेले कर्ज तुम्हाला कोणत्या दराने मिळाले असते, तो दर घ्यायचा. कॅश क्रेडिटचा (बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचा) दर सगळ्या करारांना सरसकट लावणे चूक आहे.

आता आकडे. मुदत 3 वर्षे, भाडे वर्षाला 12,00,000 रुपये, प्रत्येक वर्षाअखेर देय, दर 10 टक्के. आजचे मूल्य 10,90,909 + 9,91,736 + 9,01,578, म्हणजे सुमारे 29,84,222. पहिल्या दिवशी मालमत्ता नावे (डेबिट), देणे जमा (क्रेडिट), दोन्ही याच रकमेने. पहिल्या वर्षी व्याज 2,98,422 आणि घसारा 9,94,741, मिळून खर्च 12,93,163. दुसऱ्या वर्षी 12,03,005, तिसऱ्या वर्षी 11,03,832. बेरीज 36,00,000 च, म्हणजे दिलेल्या भाड्याइतकीच. फक्त सुरुवातीला भार जास्त. ही बेरीज जुळली नाही तर शीटमध्ये चूक आहे, पुढे जाऊ नका.

पहिल्या वर्षाअखेर देणे 20,82,645 उरते. त्यातले चालू देणे 9,91,736, कारण पुढच्या वर्षी तेवढीच मुद्दल फिटणार आहे. इथे 12,00,000 लिहिणे ही नेहमीची चूक.

प्रत्यक्षात भाडे दरमहा जाते. 10 टक्के वार्षिक प्रभावी दराला 12 ने भागले तर वर्षाचा दर 10.47 टक्के होतो आणि देणे कमी दिसते. तारखांसह एक्सेलचे एक्सएनपीव्ही हे सूत्र वापरा, ते वार्षिक प्रभावी दर घेते. सुरुवातीच्या दिवशीच दिलेला हप्ता लीज लायबिलिटीत नाही, थेट मालमत्तेत जातो.

डिपॉझिट हमखास विसरले जाते. याच करारात 6,00,000 बिनव्याजी डिपॉझिट असेल आणि योग्य दर 8 टक्के, तर त्याचे आजचे मूल्य 4,76,299. उरलेले 1,23,701 हे आगाऊ भाडेच, ते मालमत्तेत मिळवायचे. तीन वर्षांत तेवढेच व्याज उत्पन्नात येते आणि तेवढाच जादा घसारा बसतो. ही नोंद इंड एएस 109 (वित्तीय साधनांचे मानक) ची, पण दोन्ही एकाच शीटमध्ये ठेवा.

रोखप्रवाह पत्रकात मुद्दल आणि व्याज दोन्ही वित्तपुरवठ्याच्या भागात दाखवा. आखूड मुदतीच्या लीजचे भाडे मात्र कार्यचालनात. भाडे आता खर्चात दिसत नसल्यामुळे एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) वाढतो, पण कर्जाचे प्रमाणही वाढते. बँकेच्या करारात कर्जाची मर्यादा असेल तर तिथे लीज लायबिलिटी धरतात का, हे वर्षअखेरीच्या आधी विचारून घ्या. मालमत्ता आणि देणे या दोन्हींवरचा डिफर्ड टॅक्सही (पुढच्या वर्षांत ढकलला जाणारा कर) नोंदवावा लागतो. त्यासाठीची इंड एएस 12 (आयकराचे मानक) मधली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे.

करार बदलला की शीट पुन्हा उघडा. निर्देशांकामुळे भाडे बदलले तर जुनाच दर ठेवून देणे पुन्हा मोजायचे. मुदत बदलली तर त्या दिवसाचा नवा दर. फरक नफा-तोट्यात नाही, मालमत्तेत टाकायचा. फक्त मालमत्ता शून्यावर आली असेल तर उरलेली घट नफा-तोट्यात. जागेचा काही भाग परत केला असेल तर मात्र त्या प्रमाणात मालमत्ता आणि देणे दोन्ही कमी होतात आणि त्यांतला फरक लगेच नफा-तोट्यात येतो.